शोभेचा मासा आणि परका समुद्र

उष्ण कटिबंधातील समुद्रांत प्रवाळांच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांमध्ये एंजलफिश या कुलातील मासे आपल्या रंगसौंदर्यामुळे विशेष प्रसिद्ध आहेत. प्राणिशास्त्रात या कुलास पोमॅकँथिडी असे म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘पोमा’ म्हणजे झाकण आणि ‘अकँथा’ म्हणजे काटा. कल्ल्यांवरील झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात असणारा बळकट काटा ही या माशांची ओळखीची खूण असून तिच्यावरूनच हे नाव पडले आहे. या कुलातील सुमारे ९० जातींपैकी एक एम्परर, म्हणजे सम्राट, या नावाने ओळखली जाते. तिचे शास्त्रीय नाव पोमॅकँथस इम्परेटर. पूर्ण वाढ झालेला हा मासा सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या निळ्या अंगावर पिवळ्या रंगाचे अनेक आडवे पट्टे असतात, डोळ्यांवर काळ्या बुरख्यासारखी पट्टी असते आणि शेपटी पिवळीधमक असते. प्रवाळांच्या कपारींतून संथपणे फिरणारा हा मासा एकदा पाहिला की सहसा विसरला जात नाही.

या माशाच्या बाल्यावस्थेतील रूप मात्र इतके निराळे असते की, शास्त्रज्ञांचीही त्याने दिशाभूल केली. बर्लिन येथील वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस एलिएझर ब्लोख याने १७८७ साली प्रौढ माशाचे वर्णन करून त्यास ‘इम्परेटर’ हे नाव दिले. ब्लोखच्या मृत्यूनंतर त्याचे अपुरे राहिलेले कार्य योहान गॉटलोब श्नायडर याने पूर्ण केले आणि १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गडद निळ्या अंगावर एकात एक पांढरी वर्तुळे असलेल्या एका लहान माशाचे वर्णन केले. त्याला त्याने निकोबार बेटांवरून ‘निकोबॅरिएन्सिस’ असे नाव दिले. ज्यांना दोन निरनिराळ्या जाती समजण्यात आले होते ते वस्तुतः एकाच माशाचे बालपण आणि प्रौढपण होते, हे पुढे स्पष्ट झाले. भारताच्या एका द्वीपसमूहाचे नाव अशा रीतीने या माशाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे. हे योग्यही आहे; कारण अंदमान व निकोबार बेटे आणि लक्षद्वीप ही या माशाच्या स्वगृहातच मोडतात. लाल समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून थेट मध्य पॅसिफिकमधील तुआमोटू द्वीपसमूहापर्यंत त्याचा नैसर्गिक प्रदेश पसरलेला आहे.

इतक्या विस्तीर्ण प्रदेशात आढळणारा हा मासा अटलांटिक महासागरात मात्र मुळात नव्हता. त्याची कारणे भूगोलात आहेत. सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर आली आणि दोन महासागरांमधील उष्ण पाण्याचा मार्ग बंद झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील थंड पाणी ही दुसरी भिंत होय. या दोन भिंतींमुळे अटलांटिकमधील प्रवाळभित्तींवर निराळेच मासे, निराळेच स्पंज आणि निराळेच प्रवाळ उत्क्रांत झाले. एंजलफिश तेथेही आहेत. परंतु ते त्या समुद्राचे स्वतःचे आहेत. राखी रंगाचा ‘ग्रे’ आणि काळ्या अंगावर पिवळी किनार असलेल्या खवल्यांचा ‘फ्रेंच’ या दोन जाती सम्राट माशाच्या प्रजातीतल्याच, पण अटलांटिकमध्ये वाढलेल्या.

असे असता अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर पाणबुड्यांना सम्राट मासा आणि त्याचे हिंद व पॅसिफिक महासागरांतील इतर भाऊबंद अधूनमधून दिसू लागले. ते तेथे कसे आले, आणि त्यांच्याविषयी कोणते धोरण स्वीकारावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मासे कोणत्या वाटेने आले?

फ्लॉरिडात हौसेने पाणबुडी करणाऱ्या नागरिकांनी प्रवाळभित्तींवरील माशांची नोंद ठेवण्याचा एक उपक्रम चालविला आहे. प्रत्येक स्वयंसेवक पाण्यात जे मासे दिसतील त्यांची यादी करतो आणि ती एका संस्थेकडे पाठवितो. हजारो सामान्य माणसांच्या अशा शिस्तबद्ध निरीक्षणांतून मोठ्या मोलाची माहिती हाती आली. २००४ साली ब्राइस सेमेन्स व त्याच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अटलांटिकबाहेरील १६ जातींचे मासे या किनाऱ्यावर दिसल्याचे नमूद करण्यात आले होते आणि त्यांत एंजलफिश कुलातील अनेक जातींचा समावेश होता.

परकीय जलचर नव्या समुद्रात येण्याचे दोन मार्ग मुख्य आहेत. मोठी जहाजे समतोल राखण्यासाठी पोटात समुद्राचे पाणी भरून घेतात आणि दूरच्या बंदरात ते सोडून देतात; त्याबरोबर सूक्ष्म जीव, अंडी आणि डिंभ यांचाही प्रवास होतो. दुसरा मार्ग म्हणजे शोभेच्या माशांचा व्यापार. अभ्यासकांनी दोन्ही शक्यता ताडून पाहिल्या. आढळलेल्या माशांचे मूळ प्रदेश जहाजांच्या मार्गांशी जुळत नव्हते. उलट, शोभेसाठी जे मासे आयात होत होते त्यांच्याशी या यादीचा मेळ बसत होता. निष्कर्ष उघड होता. हे मासे कोणाच्या तरी घरातील काचपेटीतून समुद्रात गेले होते.

असे का होते हे समजून घेण्यास फार मोठे संशोधन नको. दुकानात विकावयास असलेला सम्राट मासा बहुधा बोटाएवढा असतो. निळ्या अंगावरील पांढऱ्या वर्तुळांनी लहानथोर सर्वांनाच त्याची भुरळ पडते. परंतु तो वाढतो, त्याची वर्तुळे नाहीशी होतात, त्यास जागा पुरेनाशी होते, आणि आपल्या हद्दीचा अभिमान बाळगणारा हा मासा पेटीतील इतर माशांना त्रास देऊ लागतो. खाऱ्या पाण्याची पेटी सांभाळण्याचा खर्चही थोडा नसतो. कधी घर बदलावे लागते, कधी हौस ओसरते. मासा मारण्यास हात धजावत नाही, विकत घेणारा मिळत नाही, आणि समुद्र तर जवळच असतो. तेव्हा मालक त्यास पाण्यात सोडतो आणि आपण एका जीवास बंधनातून मुक्त केले, अशा समाधानाने घरी परततो.

या कृत्यात दुष्टपणा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. किंबहुना त्याच्या मुळाशी दयाच आहे. परंतु ज्ञानावाचून केलेली दया कित्येकदा क्रौर्याइतकीच घातक ठरते. अनोळखी समुद्रात सोडलेला मासा बहुधा उपासमारीने, रोगाने किंवा भक्षकाच्या तोंडी पडून मरतो. म्हणजे त्याच्यावर उपकार झालेला नसतोच. आणि जर तो जगला, तर ज्या समुद्राने त्याला कधी पाहिले नव्हते त्या समुद्राच्या व्यवहारात तो हस्तक्षेप करू लागतो.

‘चार माशांनी काय होणार?’

या विषयावर पुष्कळदा असा आक्षेप घेतला जातो की, अथांग समुद्रात दोन-चार सुंदर मासे सोडल्याने काहीच बिघडत नाही. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. फ्लॉरिडात दिसलेल्या सम्राट माशांची संख्या अत्यल्प आहे आणि त्यांची तेथे वंशवृद्धी होत असल्याचा पुरावा मिळालेला नाही. त्यांच्यामुळे एखादी स्थानिक जात घटल्याचेही दाखवून देता येणार नाही. जो लेखक ही गोष्ट लपवून केवळ भीती पसरवील तो विज्ञानाची सेवा करीत नाही.

तथापि, ‘अद्याप हानी झालेली नाही’ आणि ‘हानी होणार नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. त्यांतील अंतर किती मोठे असू शकते हे लायनफिश या माशाच्या इतिहासावरून कळून येते. विषारी काट्यांचा, पंखासारख्या परांचा हा मासाही हिंद व पॅसिफिक महासागरांचा रहिवासी आणि शोभेच्या व्यापारातील लोकप्रिय मासा. १९८५ साली फ्लॉरिडातील डेनिया बीच या गावाजवळ तो प्रथम नोंदला गेला. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे विशेष काही घडले नाही. मग २००० सालापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तो ठिकठिकाणी आढळू लागला. २००४ मध्ये बहामा बेटांवर पोचला. पुढच्या काही वर्षांत त्याने कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात व्यापले. आणि २०१४ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याची नोंद झाली. जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की, या अफाट प्रजेचे मूळपुरुष संख्येने अगदी थोडे होते. ‘चार माशांनी काय होणार?’ या प्रश्नास समुद्राने दिलेले हे उत्तर आहे.

त्या चार माशांनी काय केले हेही मोजण्यात आले आहे. मार्क अल्बिन्स आणि मार्क हिक्सन या संशोधकांनी बहामातील लहान लहान प्रवाळखडकांवर प्रयोग केला. काही खडकांवर एकेक लायनफिश ठेवला, काहींवर ठेवला नाही. अवघ्या पाच आठवड्यांत असे आढळले की, लायनफिश असलेल्या खडकांवर वस्तीस येणाऱ्या स्थानिक लहान माशांची भर ७९ टक्क्यांनी घटली होती. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक माशांना हा भक्षक ओळखीचा नव्हता, म्हणून त्याच्यापासून पळण्याची बुद्धीच त्यांना नव्हती.

यावर असे म्हणता येईल की, लायनफिश मांसाहारी शिकारी आहे, तर सम्राट मासा मुख्यतः स्पंज व खडकावर चिकटून राहणारे तत्सम जीव खातो. तेव्हा दोघांची तुलना अयोग्य आहे. हे अंशतः खरे आहे. एंजलफिशमुळे लायनफिशसारखा हाहाकार माजेल असे कोणीही म्हणत नाही. परंतु स्पंज खाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जॉन रँडल आणि विलार्ड हार्टमन यांनी १९६८ साली वेस्ट इंडीजमधील माशांच्या पोटातील अन्न तपासून दाखवून दिले की, स्पंजांवर मुख्यत्वे उपजीविका करणारे मासे अगदी थोडे आहेत आणि एंजलफिश हे त्यांतील प्रमुख होत. स्पंज आणि प्रवाळ यांच्यात खडकावरील जागेसाठी सतत स्पर्धा चालू असते. कोणते स्पंज खाल्ले जातात आणि कोणते राहतात यावर त्या स्पर्धेचा निकाल काही अंशी अवलंबून असतो. ज्या खडकावर ग्रे व फ्रेंच या स्थानिक जाती पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आल्या, तेथे तेच काम करणारा परका वाटेकरी आला तर काय होईल, याचे उत्तर आज देता येत नाही. आणि नेमकी हीच काळजीची गोष्ट आहे.

संकराचा प्रश्नही आहे. एंजलफिश कुलात निरनिराळ्या जातींचा संकर सहज घडतो. १९१४ साली फ्लॉरिडातून ‘टाउनसेंड’ या नावाने एका नव्या एंजलफिशचे वर्णन करण्यात आले होते. पुढे १९६८ साली हेन्री फेडर्न याने तो क्वीन आणि ब्लू या दोन स्थानिक जातींचा संकर असल्याचे सिद्ध केले. शेजारी राहणाऱ्या दोन स्थानिक जातींत असे घडणे हा निसर्गाचा व्यवहार होय. परंतु जोडीदार न मिळालेला परका मासा आपल्याच प्रजातीतील स्थानिक माशाशी जोडी जमवू शकेल, ही शक्यता दृष्टीआड करता येत नाही.

‘समुद्र तर एकच आहे’

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. समुद्र सर्व एकमेकांस जोडलेले आहेत, प्रवाहांबरोबर जीव नेहमीच इकडून तिकडे जात आले आहेत, मग माणसाने एखादा मासा नेला तर त्यात अनैसर्गिक ते काय, असे विचारले जाते. यात वेगाचा प्रश्न विसरला जातो. ज्या अंतरासाठी निसर्गास लक्षावधी वर्षे लागतात, किंवा जे निसर्गाने भूमी उभी करून अडविलेले असते, ते विमानातील प्लॅस्टिकच्या पिशवीतून एका दिवसात तोडले जाते. भक्ष्य आणि भक्षक, यजमान आणि परजीवी यांना एकमेकांशी जुळवून घेण्यास जो काळ लागतो तो येथे मिळत नाही.

माणसाने भूगोलातील भिंत पाडली म्हणजे काय होते याचे उदाहरण भूमध्य समुद्रात पाहावयास मिळते. १८६९ साली सुवेझ कालवा खुला झाला आणि लाल समुद्रातील शेकडो जातींना भूमध्य समुद्राची वाट मोकळी झाली. सम्राट मासाही तेथे पोचला आहे. इस्रायलच्या किनाऱ्यावर तो आढळल्याची पहिली नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. तो कालव्यातून पोहत आला की कोणा हौशी माणसाने सोडला, हे एका माशावरून ठरविणे कठीण आहे. हा एकुलता एक पाहुणा म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करावे असे कोणास वाटेल. परंतु त्याच इस्रायलच्या किनाऱ्यावर १९९१ साली लायनफिशच्या दुसऱ्या एका जातीचा एकच मासा सापडला होता. त्यानंतर वीस वर्षे शांततेत गेली. २०१२ साली लेबननमध्ये ती जात पुन्हा दिसली, आणि नंतरच्या थोड्याच वर्षांत सायप्रस, तुर्कस्तान व ग्रीस यांच्या किनाऱ्यांवर तिने बस्तान बसविले. दोन दशकांची शांतता म्हणजे निर्धास्तपणाची हमी नव्हे, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. नवा सुंदर मासा आल्याने समुद्र अधिक समृद्ध होतो, जातींची संख्या एकाने वाढते, असे काहींना वाटते. पण सृष्टीची विविधता म्हणजे एका ठिकाणच्या जातींची बेरीज नव्हे. लक्षद्वीपचा समुद्र लक्षद्वीपसारखा असावा आणि फ्लॉरिडाचा फ्लॉरिडासारखा, यातच पृथ्वीची समृद्धी आहे. सर्व समुद्रांत तेच ते देखणे मासे दिसू लागले तर प्रत्येक ठिकाणची यादी लांबेल, आणि तरीही जग दरिद्री होईल.

वेळीच केलेला उपाय

तेव्हा करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर देताना दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींचा संबंध मत्स्यालयांत शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्या समुद्रशेवाळाशी आहे. १९८४ साली मोनॅको येथील प्रसिद्ध सागरविज्ञान संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात या शेवाळाचा एक लहानसा ठिगळाएवढा पुंजका आढळला. त्याने तेव्हा सुमारे एक चौरस मीटर जागा व्यापली होती. अलेक्सांद्र मेनेझ या वनस्पतिशास्त्रज्ञाने धोक्याची सूचना दिली. परंतु हे शेवाळ कोठून आले, ते थंडीत टिकेल काय, ते खरोखर घातक आहे काय, याच्या वादात वर्षे गेली. २००० सालापर्यंत ते सहा देशांच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टरांवर पसरले. त्याचा निःपात करणे आता शक्य नाही, हे सर्वांनी मान्य केले. पुढे अनेक ठिकाणी ते आपोआप ओसरले हे खरे. पण तसे होईल हे आधी कोणासही सांगता आले नव्हते, आणि दैवावर विसंबणे याला धोरण म्हणत नाहीत.

२००० सालच्या जून महिन्यात तेच शेवाळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात आढळले. तेथील अधिकाऱ्यांनी वादविवादात वेळ दवडला नाही. पाणबुड्यांनी शेवाळाचे पुंजके ताडपत्रीने झाकले, त्याखाली क्लोरीन सोडले आणि त्यानंतर अनेक वर्षे पुनःपुन्हा तळ तपासला. सत्तर लक्ष डॉलरांहून अधिक खर्च आला, पण २००६ साली ते शेवाळ तेथून समूळ नष्ट झाल्याचे जाहीर करता आले. शेवाळ तेच, समुद्रही सारखेच सौम्य. फरक होता तो वेळेचा.

माशांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. १९९९ साली फ्लॉरिडातील एका प्रवाळभित्तीवर हिंद-पॅसिफिकमधील बॅटफिश जातीचे दोन मासे दिसले. स्वयंसेवकांनी कळविले आणि ते जिवंत पकडून मत्स्यालयात नेण्यात आले. त्या दोन माशांमुळे खरोखरच काही झाले असते की नाही, हे कधीच कळणार नाही. आणि ते न कळणे हेच यश होय. येथे हिशेब साधा आहे. निरुपद्रवी मासा काढून टाकला तर नुकसान एका माशाचे. उपद्रवी मासा राहू दिला तर नुकसान एका समुद्राचे, आणि ते भरून काढण्यास पुढच्या पिढ्याही अपुऱ्या पडतील. दोन पारड्यांत इतका फरक असता, संपूर्ण पुराव्याची वाट पाहत बसणे म्हणजे शास्त्रीय सावधगिरी नव्हे. ती दिरंगाई आहे.

अर्थात, मासा अपराधी नव्हे हे विसरता कामा नये. तो आपल्या इच्छेने आलेला नाही. त्यास शक्य तेव्हा जिवंत पकडावे, हे मानवतेला धरून होईल. शक्य नसेल तेव्हा त्यास मारण्याचे दुःखद काम करावे लागेल, आणि त्याची नैतिक जबाबदारी ज्याने त्यास सोडले त्याच्याकडे जाते.

भारताने काय शिकावे

सम्राट मासा भारताच्या बेटांवर परका नाही. तेथे तो घरचा आहे. यावरून भारतीय वाचकास असे वाटण्याचा संभव आहे की, हा प्रश्न परदेशाचा आहे. तो समज चुकीचा आहे. एकच मासा अंदमानात घरचा आणि अटलांटिकमध्ये परका असतो. त्याच न्यायाने अटलांटिकमधील फ्रेंच एंजलफिश लक्षद्वीपमध्ये सोडला तर तो तेथे परकाच ठरेल. परकेपणा माशाच्या अंगात नसतो, तो जागेवर अवलंबून असतो.

गोड्या पाण्यात तर भारताने हा अनुभव घेतलेलाच आहे. मोझांबिक येथील तिलापिया मासा १९५२ साली अन्नोत्पादनाच्या सद्हेतूने भारतात आणला गेला आणि अनेक जलाशयांत व नद्यांत स्थानिक माशांचा प्रतिस्पर्धी होऊन बसला. काचपेटीची भिंत स्वच्छ ठेवतो म्हणून हौसेने पाळला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा केरळपासून बंगालपर्यंतच्या पाणथळांत पसरला असून, त्याच्या कठीण कवचाने व काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. हा मासा तर शोभेच्या पेट्यांतूनच नद्यांत गेला. समुद्रही सुरक्षित राहिलेला नाही. लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे शेवाळ मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदविले. तेव्हा आपल्या प्रवाळभित्तींना परकीयांचा उपद्रव होणारच नाही, असे मानण्यास आधार नाही.

आणि या भित्ती आधीच दुबळ्या झाल्या आहेत. लक्षद्वीपमधील प्रवाळांना १९९८, २०१० व २०१६ साली समुद्राच्या वाढलेल्या उष्णतेमुळे विरंजनाचा तडाखा बसला. प्रवाळांचा मुख्य शत्रू ही वाढती उष्णता होय. शोभेचे मासे नव्हेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु आजारी माणसास नवा संसर्ग होऊ नये म्हणून जशी अधिक काळजी घ्यावयाची असते, तशीच येथेही घ्यावयास हवी. लक्षद्वीपची भूमीच प्रवाळांनी घडविलेली आहे. तेथील लोकांच्या पायाखालची जमीन आणि त्यांच्या ताटातील मासा या दोहोंचा आधार एकच आहे.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार, उपद्रवी परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांस मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याच वर्षी माँट्रियल येथे राष्ट्रांनी मान्य केलेल्या जैवविविधतेच्या आराखड्यात परकीय उपद्रवी जातींच्या शिरकावाचा व स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु प्रत्येक घरातील काचपेटीवर सरकार पहारा ठेवू शकत नाही. कायदा बंदरावर आयात अडवील. रात्रीच्या वेळी खाडीवर बादली रिकामी करणारा हात अडविण्यास लोकशिक्षणच हवे.

म्हणून चार गोष्टी आग्रहाने सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मासा विकताना तो किती मोठा होतो, किती वर्षे जगतो आणि त्यास किती जागा लागते हे विक्रेत्याने ग्राहकास सांगितलेच पाहिजे. बोटाएवढा सम्राट विकत घेणाऱ्यास तो हातभर होणार आहे हे आधी कळले, तर निम्मा प्रश्न दुकानातच सुटेल. दुसरी, नको झालेला मासा परत घेण्याची सोय विक्रेते, मत्स्यालये व मत्स्यपालनाच्या संस्था यांनी मिळून करावी. ‘सोडू नका’ एवढे सांगून भागत नाही; सोडावयाचा नाही तर द्यावयाचा कोणाला, याचेही उत्तर हवे. तिसरी, कोळी बांधव आणि पाणबुडे यांना अपरिचित मासा आढळल्यास तो कळविता येईल असे सुलभ ठिकाण असावे, आणि कळविल्यावर तत्काळ कृती करण्याचा अधिकार व साधने त्या ठिकाणी असावीत. फ्लॉरिडातील पहारेकरी पगारी अधिकारी नव्हते, सामान्य नागरिक होते. आपल्या किनाऱ्यावर तर पिढ्यान्पिढ्या समुद्र वाचणारे कोळी आहेत. त्यांच्या जाळ्यात काय नवे आले हे त्यांच्याइतके लवकर कोणासही कळत नाही.

चौथी सूचना शाळांसाठी आहे. अनेक शाळांत माशांची काचपेटी असते आणि ती असावीही. सजीवांविषयीचे कुतूहल पुस्तकापेक्षा तेथे अधिक लवकर जागे होते. परंतु पेटीजवळ एक नियम ठळक अक्षरांत लिहिलेला असावा : या पेटीतील मासा, वनस्पती, गोगलगाय किंवा पाणी ओढ्यात, तळ्यात वा समुद्रात कधीही सोडू नये. सुटीत पेटीची व्यवस्था कोण पाहील हे सुटी लागण्यापूर्वी ठरवावे, आणि मासा सांभाळणे अशक्य झाल्यास तो दुसऱ्या शाळेस द्यावा. प्राणी पाळणे म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतची जबाबदारी घेणे होय, हे मुलांना या नियमातून जितके कळेल तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

निकोबारच्या नावाने एकदा ओळखला गेलेला हा मासा निकोबारच्या प्रवाळांवर आजही आहे. तेथे तो कोणते स्पंज खातो, कोणाशी भांडतो आणि कोणाला भितो, हे सर्व दीर्घ काळाच्या सहवासातून ठरलेले आहे. त्यास तेथेच राहू द्यावे. ज्यांनी तो पेटीत आणला आहे त्यांनी तो पेटीतच जपावा. परक्या समुद्रात सोडल्याने त्यास स्वातंत्र्य मिळत नाही. त्याच्या मालकाची जबाबदारी मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाते.